कडूला जोड काय?

मराठी समीक्षेची बरीचशी परिभाषा जिभेवरून आलेली आहे. कवितेचा आपण आस्वाद घेतो, कथेला रसाळ म्हणतो, एखादी कादंबरी मिळमिळीत निघते, एखादे प्रहसन चुरचुरीत होते. रस म्हणजे काय हे सांगताना भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात दाखला घेतला तो भरल्या ताटाचाच. नाना मसाले, वनस्पती आणि द्रव्ये एकत्र आल्यावर अन्नाला जशी चव येते आणि प्रसन्न मनाचा माणूस ती जशी चाखतो, तसेच नाट्याचे, असे त्यांचे म्हणणे. इतका हा संबंध जुना. आमच्या येळ्ळूरला साहित्य संमेलन भरते, तिथेही 'रसिकहो' म्हटल्याशिवाय वक्त्याला सूर सापडत नाही. पण त्याच रसिकाला पंगतीतून उठताना विचारावे, की आमटी कशी होती? उत्तर ठरलेले असते : 'झकास!' ज्या जिभेकडून सगळे शब्द उसने घेतले, तिच्याच विषयावर बोलायची वेळ आली की आपण एका शब्दात उरकतो.

खाण्याची ही तऱ्हा, तर पिण्याचे विचारूच नये. चहा 'कडक' आणि सरबत 'थंडगार' यापुढे आपली मजल जात नाही. आणि पेय मादक असेल, तर जीभ बाजूलाच राहते. 'चढली', 'उतरली', 'झिंगला', 'नादी लागला', 'घर धुळीला मिळाले' असे मद्याविषयीचे शब्द मराठीत भरपूर आहेत. पण ते सगळे पिणाऱ्याच्या अवस्थेचे आहेत. पेल्यात जे आहे त्याविषयी त्यांत काहीच नाही.

याला कारण आहे, आणि ते क्षुल्लक नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकराच्या प्याल्याची चव कशी होती, हे विचारावे असे कोणा प्रेक्षकाला वाटले नसेल. सिंधूच्या संसाराकडे पाहता पाहता ते विचारणे निर्दयपणाचेच झाले असते. आपला हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपणही पाहिला. राज्य बदलल्यावर पुढे सारायीची पाकिटे आली. त्या पाकिटांनी गावोगाव काय केले, हे या अंकाच्या वाचकांना आकडे देऊन सांगायला नको. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली, तेव्हा कितीतरी घरांतल्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तर बायकांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली. ज्या घराने हे सोसले, त्या घराला मद्याच्या चवीवरचा लेख अप्रशस्त वाटेल. तो त्यांचा अधिकार आहे.

तरीही हा लेख लिहावासा वाटला, कारण काळ बदलला आहे आणि आपण त्याविषयी बोलत नाही. आपली मुले पुण्या-बंगळूरला, काही त्याहून दूर, नोकरीला आहेत. तिथे बिअर हा एक बोलायचा विषय झाला आहे. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर गाळून जागेवरच देणारी छोटी भट्टी, सुरू झाली. देशातल्या अशा पहिल्या भट्ट्यांत तिची गणना होते. तिचे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेले आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' हा शब्द पडला. तो शब्द इंग्लंड फिरून पुण्यात परतला आणि पाटीवर जाऊन बसला. अशा पाट्यांखाली बसणाऱ्या मुलांच्या कानावर मराठीतून दोनच आवाज पडतात, एक प्रवचनाचा आणि एक जाहिरातीचा. प्रवचन म्हणते सगळे विष, जाहिरात म्हणते सगळे अमृत. दोघांनाही चव घेऊन पाहण्याची गरज पडत नाही. समीक्षेला मात्र ती घ्यावी लागते, आणि तिला दोन घोट पुरतात. चाखणारा पिणाऱ्यापेक्षा फार लवकर थांबतो, हे त्याचे पहिले लक्षण.

* * *

प्रस्तुत विषय आहे एक काळसर, कडू, हिवाळी बिअर. तिचे नाव 'ज्युबेलेल'. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला बेंड नावाचे गाव आहे. तिथे १९८८ साली 'डेशूट्स' ही छोटी भट्टी सुरू झाली. डेशूट्स हे तिथल्या नदीचे नाव. ज्युबेलेल ही बिअर त्याच वर्षापासूनची. ती फक्त थंडीपुरती निघते, आणि बाटलीवरचे चित्र दरवर्षी नव्या चित्रकाराकडून काढून घेण्याची तिची प्रथा आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची चाल पाडली, तेव्हापासून मुखपृष्ठाच्या चित्राची वाट पाहत आलेल्या आपल्या वाचकाला ही प्रथा परकी वाटू नये. माझा भाचा पोर्टलंडजवळ नोकरीला असतो. गेल्या थंडीत येताना त्याने कपड्यांत गुंडाळून दोन बाटल्या आणल्या, आणि त्यांतली एक आम्ही चौघांनी मिळून चाखली.

चवीकडे वळण्याआधी पदार्थ कसा होतो हे समजून घेतले पाहिजे. वृत्त न समजता पद्याची समीक्षा करू नये, तसेच हे. आपल्याकडे तान्ह्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व करतात : नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. बिअरचा पायाही नेमका हाच आहे, फक्त धान्य जव, म्हणजे बार्ली. मोड आलेले जव कमी भाजले तर पेय पिवळे होते, जास्त भाजले तर काळे. १८१७ साली लंडनमध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात जव काळे भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून पोर्टर या काळ्या बिअरला रंग देणे सोपे झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८१८ मध्ये, बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. या दोन गोष्टींचा संबंध पुढे येईल.

दुसरा घटक हॉप. ही भांगेच्या कुळातली वेल आहे. तिच्या मादी वेलीला पोपटी, पापुद्र्यांचे बोंडुकले येते आणि त्यात पिवळी, चिकट भुकटी असते. ही बोंडे उकळत्या रसात घातली की दोन गोष्टी होतात. जास्त उकळली तर कडूपणा उतरतो. उशिरा घातली तर कडूपणा थोडा आणि सुगंध जास्त राहतो, कारण सुगंधाची तेले वाफेबरोबर उडून जाणारी असतात. आपण फोडणी आधी देतो आणि कोथिंबीर शेवटी घालतो, त्यातलाच हा हिशोब. कडूपणा आणखी एक काम करतो : तो पेयाला लवकर नासू देत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात जहाजाने यायची ती बिअर जास्त हॉप घालून केलेली असे. साहेबांची फिकी 'इंडिया पेल एल' सगळ्यांना ठाऊक असते. पण साध्या गोऱ्या शिपायासाठी येणारी काळी पोर्टरही हॉप वाढवूनच पाठवली जाई, हे फारसे कोणी सांगत नाही. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांचा हा रतीब होता, आणि बेळगावची छावणी याच इलाख्यातली. म्हणजे 'काळी आणि कडू' हे मिश्रण अमेरिकेतल्या तरुणांनी काल शोधून काढले, असे कोणी म्हणाले तर त्याला सांगावे की आमच्या देशाच्या वाटेवर ते दोनशे वर्षांपूर्वीच तयार झाले होते.

* * *

आता पेला. दिव्यासमोर धरल्यावर कळते की हा रंग काळा नाही. गुऱ्हाळावर काकवी उन्हात धरावी तसा तांबूस-काळा आहे. वर फेस आहे तो पांढरा नाही, कॉफीच्या फेसासारखा बदामी आहे, आणि तो बराच वेळ टिकतो. दिसण्यात डामडौल नाही. इथवर शंभर गुण द्यायला हरकत नाही.

वासावर मात्र आमच्या घरात मतभेद झाला. मला तो खरपूस वाटला, तव्यावर भाकरी क्षणभर जास्त राहिली की पापुद्र्याला येतो तसा. आमची सून धारवाडकडची. तिने प्यायला नकार दिला, पण पेला नाकाशी नेऊन एका शब्दात निकाल दिला : 'सीद'. कन्नडात भात किंवा दूध बुडाला लागले की जो वास येतो तो 'सीद वासने'. मराठीत त्याला आपण करपट म्हणू. खरपूस, करपट आणि जळका या तीन पायऱ्या आहेत. आपल्या स्वयंपाकघरात ही वाटणी इतकी पक्की आहे की पोरसवदा मुलीलाही ती कळते, आणि काळ्या बिअरचा सगळा कस याच पायऱ्यांवर लागतो. बेळगावचा कुंदा करणारा हलवाई दूध आटवताना याच रेषेवर उभा असतो : अलीकडे राहिला तर तो नुसता खवा, पलीकडे गेला तर कढई घासायला टाकायची. ज्युबेलेल माझ्या मते रेषेच्या अलीकडेच आहे, पण अगदी काठावर. सुनेचा शब्द मी खोडून काढणार नाही. काठावर उभ्या असलेल्या वस्तूला दोन भाषांत दोन नावे मिळाली, तर त्यात वस्तूचे वर्णन जास्त अचूकच होते.

पहिला घोट फ्रीजमधून काढल्या काढल्या घेतला, तो फुकट गेला. अति गार पदार्थाला चव नसते. आपल्याकडे बाटली बर्फात पुरून देतात त्याचे एक कारण हेही असावे, की गारव्याखाली बरेच काही झाकले जाते. पंधरा-वीस मिनिटे पेला तसाच ठेवला. गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात त्या बेळगाव परिसरात पौषातली संध्याकाळ आपोआप योग्य तापमान देते. मग पेय बोलू लागले. आधी काकवीचा गोडवा, जिभेच्या टोकाशी. मग मधल्या भागात भाजक्या धान्याचा भरीवपणा. आणि घोट गिळल्यावर, मागून, कडू. तो झटकन येऊन जाणारा नाही, घशाशी बसून राहणारा आहे. त्याच्याबरोबर किंचित तुरटपणा येतो. 'ओगरु' हा सुनेचा आणखी एक शब्द मला इथे वापरावासा वाटतो, कारण कच्च्या केळाच्या सालीने तोंडाला जी ओढ बसते ती त्यात आहे. मद्यार्क ६.७ टक्के आहे, त्याची ऊब छातीत जाणवते, जिभेवर मात्र ती टोचत नाही.

हा कडू कोणत्या जातीचा? हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, कारण सगळे कडू एक नव्हेत. कारल्याचा कडू हिरवा आणि पाणीदार असतो. कडुनिंबाचा कडू सरळ मेंदूत जातो. काडेचिराइताचा कडू तर दिवसभर मागे लागतो. सौभाग्यवतींनी आमटीचे मीठ बघतात तसा चमचाभर जिभेवर ठेवला, दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "मेथीच्या लाडवाला गूळ कमी पडल्यागत लागतंय की हे." भाचा हसला. मी हसलो नाही, कारण या बिअरची याहून नेमकी समीक्षा मला आजवर कुठे आढळली नाही. मेथीचा लाडू हा आपला हिवाळी पदार्थ : काळसर, भाजका, गोड, आणि मुद्दाम कडू ठेवलेला. थंडीत अंगाला ऊब म्हणून, बाळंतिणीला शक्ती म्हणून तो होतो. त्यातला कडू काढून टाकायचा नसतो. त्याला पुरेसा गूळ द्यायचा असतो. ज्युबेलेलचा घाट तोच आहे, आणि तिची उणीवही तिथेच आहे. पहिल्या अर्ध्या पेल्यापर्यंत गूळ आणि मेथी बरोबरीने चालतात. पुढे गूळ मागे पडतो, कडू साठत जातो आणि प्रत्येक घोट आधीच्यासारखाच लागू लागतो. तिच्या कडूपणाचे माप साठीच्या घरात आहे, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या पिवळ्या बाटलीच्या कितीतरी पट. इतका कडू पेलायला आणखी काहीतरी हवे होते.

ते काहीतरी म्हणजे सुगंध. अशा बिअरमध्ये हॉपचा म्हणून जो वास असायला हवा, ईडलिंबाच्या सालीचा, राळेचा, निपाणीच्या वखारीवरून जाताना येतो तसा सुक्या पानाचा, तो आमच्या पेल्यात नावापुरताच होता. यात भट्टीचा दोष धरता येत नाही. हॉपच्या सुगंधाला उष्णता, उजेड आणि काळ हे तीन शत्रू आहेत. बाटली तपकिरी काचेची असते ती उजेडासाठी, पण प्रवास आणि महिने यांना काच काय करणार? पानझडीत निघालेली बाटली पौषात येळ्ळूरला उघडली गेली. सुगंध आधी जातो, कडू मागे राहतो. या भागातल्या वाचकाला ही गोष्ट बिअरच्या दाखल्यावाचूनही समजेल. कोणत्याही जुन्या मामल्यात मूळचा ताजा हेतू उडून जातो आणि शिल्लक राहते ती कडवट चव. मग पुढची पिढी समजते की हा मामला असा मुळातच कडू होता.

म्हणून माझा निकाल दोन भागांत आहे. रचना म्हणून ही बिअर चांगली आहे. भाजणी काठावर थांबलेली आहे, गोड-कडूचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे, रंगाचा आणि उबेचा उपयोग ऋतूला शोभेल असा आहे. पण आमच्या टेबलावर आली ती तिची शिळी आवृत्ती होती, आणि शिळ्या आवृत्तीवरून मूळ कृतीची थोरवी गाणे हे परदेशी मालाविषयीचे आपले जुने दुखणे आहे. ज्याला हा प्रकार खरोखर जाणून घ्यायचा आहे, त्याने तो जिथे गाळला जातो तिथे, ताजा, अर्धा पेला चाखावा. आपल्या दृष्टीने ते पुणे किंवा बंगळूर. बाटली समुद्रापलीकडून आली म्हणून तिला मान द्यायचे कारण नाही. पुण्यात ताजी गाळलेली एखादी काळी बिअर, तिच्यात अर्धेच कौशल्य असले तरी, सुगंधात हिला मागे टाकील.

* * *

हंगामी वस्तूची समीक्षा करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तिची तुलना दुसऱ्याशी होत नाही, तिच्याच गेल्या वर्षाशी होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अँकर' भट्टीने १९७५ पासून नाताळची खास बिअर काढायला सुरुवात केली. तिची पाककृती दरवर्षी वेगळी असे आणि बाटलीवर दरवर्षी वेगळे झाड असे. जुन्या बाटल्या जपून ठेवणारे लोक होते, तोंडी इतिहास होता. २०२३ साली ती भट्टीच बंद पडली. दिवाळी अंक बंद पडताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही हळहळ कळेल. वार्षिक वस्तू टिकते ती तिच्याकडून काहीतरी मागणाऱ्या ग्राहकामुळे. 'यंदा जरा फिकी झाली' असे म्हणणारा एक माणूस, 'झकास' म्हणणाऱ्या शंभरांपेक्षा तिच्या जास्त उपयोगाचा असतो. आमच्या अंकांनाही हेच लागू आहे.

आणि असे म्हणायला शब्द लागतात. ते आपल्याकडे नाहीत, हे खरे नाही. कडसर, कडवट, कडूजहर, खरपूस, करपट, जळका, तुरट, तुरसट. हे सगळे स्वयंपाकघरात आहेत, फक्त छापील पानावर येत नाहीत. आपल्या भागातल्या घरांत तर त्यांची दुप्पट भरती आहे. आमच्या कडूला शेजारी 'कही' म्हणतो, तुरटाला 'ओगरु'. शब्द कसे फिरतात तेही पाहण्यासारखे आहे. आयुर्वेदाच्या षड्रसांत 'कटु' म्हणजे तिखट आणि कडूला 'तिक्त'. तोच कटु मराठीत येता येता कडू झाला. वेस ओलांडताना चवीचे नाव बदलले, पण जिभेची तक्रार नाही.

पाडव्याला आपण कडुनिंबाचे पान खातो. त्याच दिवशी पलीकडच्या ओट्यावर उगादीचे बेवु-बेल्ल वाटले जाते, निंब आणि गूळ. दोन भाषांनी एकाच सकाळी एकच गोष्ट सांगितलेली आहे : कडू टाळू नका, पण त्याला एकटेही सोडू नका. कोणत्याही कडू कृतीला, मग ती बिअर असो, विद्रोही कविता असो की उपहासाचे नाटक असो, मी हाच एक प्रश्न विचारीन. कडू किती आहे, हा प्रश्न दुय्यम. कडूला जोड काय दिली आहे? ज्युबेलेलने जोड दिली आहे, अर्ध्या पेल्यापुरती. तेवढ्यावरच थांबावे, हा तिचा गुणही आहे आणि मर्यादाही.

हा अंक हाती येईल तेव्हा नरकचतुर्दशी जवळ आलेली असेल. पहाटे अभ्यंगानंतर अंगठ्याखाली कारीट फुटेल आणि त्याचा थेंब जिभेला लावला जाईल. घरातली मुले तोंड वाकडे करतील. त्यांना 'शी' म्हणून मोकळे होऊ देऊ नका. कसा कडू आहे, असे विचारा. कारल्यासारखा, की मेथीसारखा? घरात दोन भाषा असतील तर दोन्हींत विचारा.